धाकट्याकडे थांबलेली कॅसेट

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. तळहातावर मावेन एवढीच आहे मी, पण साठ मिनिटं माझ्या पोटात राहतात. दुकानात माझ्या शेजारी बसलेल्या बाकीच्या कॅसेटी कुणाकुणाच्या लग्नात गेल्या. लग्नाची कॅसेट दोनदा बघतात आणि मग ती कपाटात जाते, ती जातेच. मी मात्र चार घरं फिरले, आणि त्याचा मला अजून तोरा आहे.

मला थोरल्याने विकत आणलं. तो छापखान्यात कामाला. त्याने एक जुना कॅमेरा घेतला आणि सोबत मी आले. कल्पना मात्र त्याच्या आईची. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तीस वर्षं कानाला यंत्र लावून तिने लोकांचे फोन जोडून दिले. निवृत्त झाल्यावर घरातला फोन वाजला तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. आवाज पुरे झाले, आता माणसं दिसू देत, असं तिचं म्हणणं. आणि तिची तिन्ही मुलं तीन गावांना.

नियम तिनेच घातले. एका पत्र्याच्या डब्यात कॅमेरा आणि मी. डबा आईकडून थोरल्याकडे, मग मधलीकडे, मग धाकट्याकडे आणि परत आईकडे. डबा आला की आधी सगळं बघायचं, मग आपलं काहीतरी भरायचं आणि पुढे पाठवायचं. काही न भरता पाठवायचं नाही. मी संपले की मला मागे गुंडाळून पहिल्यापासून सुरुवात करायची, जुन्यावरच नवं. दुसरी कॅसेट आणायची नाही, नाहीतर लोक जुनंच उगाळत बसतात. आणि घराबाहेर कुणालाही दाखवायचं नाही. या शेवटच्या नियमाबाबतीत ती फार कडक होती. तीस वर्षांत दुसऱ्यांचं किती काय काय तिच्या कानावर पडलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर तिने कधी बाहेर काढलं नव्हतं.

थोरला कॅमेऱ्यासमोर कागद घेऊन बसायचा आणि घसा खाकरून वाचून दाखवायचा. मधलीचं चष्म्याचं दुकान. तिला बोलायला लागली की वेळेचं भान नसे. निम्मी मी तिच्याच बडबडीने भरायचे. धाकटा लिफ्टची दुरुस्ती करायचा. त्याच्या भागात कधी चाकं दिसत, कधी दोर, कधी ग्रीस लागलेले हात. तो स्वतः कधी दिसायचा नाही. लाजाळू होता, दुसरं काही नाही.

अशा किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. दोनेक महिन्यांत एक फेरी पुरी व्हायची. प्रत्येक फेरीत माझ्यावरचं जुनं पुसलं जायचं आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे, कारण नवं येणारच होतं.

मग ती फेरी आली. आईने मला पहिल्यापासून लावलं आणि अकरा मिनिटं बोलली. स्वयंपाकघराचा नळ दुरुस्त झाला तो दाखवला. थोरल्याला सांगितलं की कागद बाजूला ठेव, मी परीक्षा घेत नाहीये. मधलीला सांगितलं, भावासाठी थोडी जागा सोड. मग खुर्ची पुढे ओढली.

"धाकट्या, लिफ्ट छान चालते तुझी, कळलं. पण इतक्या फेऱ्या झाल्या, तुझं तोंड दिसलं नाही. या वेळी समोर बस. काही बोलला नाहीस तरी चालेल, नुसता बस."

थोरल्याने आपलं भरलं आणि डबा पुढे गेला. मधली तेव्हा दुकान नव्या जागेत हलवत होती. आज भरते, उद्या भरते, असं करत तिने डबा पाच आठवडे ठेवला. शेवटी भरलं, तेही माझ्या अगदी टोकापर्यंत. डबा बांधून दाराशी ठेवला. त्याच आठवड्यात एका सकाळी आई झोपेतून उठलीच नाही.

सगळे आईच्या घरी जमले. कॅसेटचं नाव कुणी काढलं नाही. परत गेल्यावर मधलीने बांधलेला डबा तसाच धाकट्याकडे पाठवून दिला.

धाकट्याने मला कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर एकट्याने बघितलं. आईचं ते वाक्य आलं तेव्हा त्याने कॅमेरा बंद केला, परत चालू केला, परत बंद केला. मी पूर्ण भरले होते. आता नियमाप्रमाणे मला मागे गुंडाळायचं आणि आईच्या अकरा मिनिटांवर स्वतःचं भरायचं. माझ्या कडेला एक इवलीशी खिट्टी आहे. ती सरकवली की माझ्यावर काही भरता येत नाही. त्याने ती नखाने सरकवली आणि डबा हत्यारांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला.

काही न भरता पाठवायचं नाही, हाही नियमच होता. आणि भरायचं म्हणजे समोर बसायचं, ज्या दोघांनी आईचं ते मागणं ऐकलं होतं त्यांच्या समोर. थोरल्याचे फोन यायला लागले. डबा कुठे अडकला? धाकटा आधी वेळ नाही म्हणाला, मग आजारी होतो म्हणाला. एक दिवस म्हणाला, हरवला.

मी कपाटातून ऐकत होते. मला ओरडता येत असतं तर ओरडले असते. मला त्याचा राग आला होता आणि कीवही येत होती.

बारा वर्षं गेली. कॅमेऱ्याची बॅटरी फुगून गेली. तिघं भावंडं लग्नकार्यात भेटत, एकमेकांच्या मुलांची चौकशी करत आणि आपापल्या गाडीला लागत.

मग थोरल्याच्या मुलीला या गावात नोकरी लागली आणि जागा मिळेपर्यंत ती काकाकडे राहायला आली. एका रविवारी फळी बसवायला तिला स्क्रू-ड्रायव्हर हवा होता. तिने कपाट उघडलं आणि डबा खाली काढला. धाकटा दारात उभा होता.

"काका, ही हरवली होती ना?"

ती पोर शहाणी, आरडाओरडा केला नाही. मला हातात घेऊन स्टुलावर बसली.

"आत्याला वाटतं तू रागाने फेकून दिलीस. तिच्यामुळे उशीर झाला म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"तीच सांगते. दर वेळी."

धाकटा खाली बसला. बारा वर्षं तो स्वतःच्या लाजेत इतका गुंतला होता की बहिणीच्या मनात काय चाललं असेल हे त्याला सुचलंच नव्हतं.

पुतणीने मला एका दुकानात नेलं. तिथल्या माणसाने फडक्याने पुसून मला एका जुन्या यंत्रात घातलं. मी घाबरले होते, एवढ्या वर्षांत फीत चिकटली असली तर? पण चालले. आई जशीच्या तशी पुतणीच्या फोनवर उतरली, नळासकट.

घरच्या ग्रुपवर टाकू का, असं पुतणीने विचारलं. त्या ग्रुपवर त्रेचाळीस माणसं, त्यात व्याही आणि व्याह्यांचे शेजारी. धाकटा नाही म्हणाला. तेव्हा तिने फोनवर तिघा भावंडांसाठी वेगळी जागा केली आणि आईला तिथे ठेवलं. फक्त त्या तिघांनाच उघडेल, पुढे कुणाला पाठवता येणार नाही, आणि नवं भरलं तरी जुनं पुसलं जाणार नाही. त्याने पडद्यावरची तीन नावं बोट ठेवून वाचली.

मग फोन डब्याला टेकवून ती बाहेर गेली. धाकट्याने आधी हात दाखवले, पक्कड दाखवली. ते पुसलं. मग खुर्ची पुढे ओढून समोर बसला. केस पिकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"ताई, कॅसेट हरवली नव्हती. मी खोटं बोललो. तुझा राग नव्हता गं. आईने बस म्हटलं आणि मला बसता आलं नाही."

थोरल्याचं उत्तर त्याच दिवशी आलं. कागद न घेता बोलला, त्यामुळे चारच वाक्यं. मधलीचं काही येईना. तिने पाहिलं एवढं पडद्यावर दिसत होतं. पहिल्या दिवशी दोनदा, दुसऱ्या दिवशी पाचदा. धाकटा जेवताना फोन ताटाशेजारी ठेवून बसायचा.

चौथ्या दिवशी तिचा व्हिडिओ आला. दोन मिनिटांचा. मी टेबलावरच होते, म्हणून मलाही दिसला. ती दुकानात बसली होती, मागे चष्म्यांच्या रांगा. एरवी जिचं तोंड मिटत नाही ती नुसती कॅमेऱ्याकडे बघत होती. संपता संपता म्हणाली, "पाच आठवडे मीच ठेवली होती रे."

धाकट्याने तो तीनदा लावला. मग उठला, तोंड धुतलं आणि बहिणीला फोन लावला.

माझं काम आता संपलं. मला लावायला कॅमेरा नाही आणि माझी तक्रारही नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी कपाटात पडली असेल, तर तिच्यात कोण आहे ते एकदा बघा. आणि ज्याच्यासाठी ते बोलणं आहे, त्याच्यापर्यंत तो माणूस असेतोवर पोचवा.