न तुटणारी जागा

कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रिकामी जागा दोन प्रकारची असते. एक साधी, स्पेसबार दाबला की पडते ती. दुसरी दिसायला अगदी तशीच, पण ओळ संपत आली तरी ती तिथे ओळ मोडू देत नाही. तिला न तुटणारी जागा म्हणतात. मी दोन्ही मोठ्या करून पट्टीने मोजल्या. रुंदी सारखीच भरली. फरक डोळ्यांना कळत नाही. तो कळतो कॉम्प्युटरला, तोही कोड चालवायला घेतल्यावर.

माझा धाकटा भाऊ मच्छिंद्र याच्या ब्लॉगवर अशा न तुटणाऱ्या जागा हजारांनी आहेत. तो नगरला एका क्लासमध्ये पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचा आणि शिकवलेलं मराठीत ब्लॉगवर लिहायचा. एकूण एकशे त्र्याऐंशी लेख. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्याचं शुद्धलेखन तपासणं माझ्याकडे होतं, त्यामुळे दुरुस्तीपुरतं माझंही एक खातं त्या ब्लॉगवर आहे. मालक तो. पावणेदोन वर्षांपूर्वी सोलापूर रस्त्यावर अपघातात तो गेला, आणि त्याचा पासवर्ड आम्हाला कोणालाच माहीत नव्हता.

जानेवारीत श्रीगोंद्याकडच्या एका कॉलेजातून अजिनाथ सरांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या बंधूंच्या ब्लॉगवरच आमची अकरावी चाललीय. पन एक लफडं हाय. कोड दिसतोय झ्याक, रंगीत, रांगेत. उचलून आमच्याकडं चिकटवला की एरर. पोरं म्हनत्यात, सर, ह्या कोडात भूत हाय."

"हाताने टाईप करून पाहिला का?"

"बेचाळीस पोरं आन आठ मशीन, मॅडम. टाईप करीत बसलो तर बारावी उजाडंल." मग त्यांचा आवाज उतरला. "संस्कृती म्हनून एक पोरगी हाय. लई हुशार. चार दिवस त्याच एररपाशी बसून ऱ्हायली. आपलंच डोकं कमी पडतंय म्हनती. विषय सोडायचा अर्ज लिहून आनलाय तिनं. मी म्हनलं, वीस तारखेपतूर थांब."

मी लेख उघडून पाहिले. पायथॉनमध्ये ओळीच्या डावीकडच्या जागेला अर्थ असतो. अटीखालच्या ओळी चार स्पेस आत सरकवाव्या लागतात. पण ब्लॉगवर कोड साध्या मजकुरासारखा टाकला, तर सुरुवातीच्या स्पेस गिळल्या जातात आणि सगळ्या ओळी कडेला येऊन चिकटतात. मच्छिंद्रला ते सहन होणं शक्यच नव्हतं. कोशिंबीर भाताला लागली तर उठून वाटी आणणारा माणूस. त्याने प्रत्येक स्पेसच्या जागी न तुटणारी जागा भरली. पानावर कोड देखणा दिसू लागला. तो चालत नाही हे त्याच्या हयातीत कोणाला कळलं नाही, कारण क्लासमध्ये कोड उचलून चिकटवायला त्याची सक्त मनाई होती. मुलं वहीत पाहून टाईप करत.

एका दुपारी मी दहा लेख दुरुस्त केले. प्रत्येक कोड त्यासाठी असलेल्या चौकटीत टाकला, आत साध्या स्पेस भरल्या, चालवून पाहिला. दुसऱ्या दिवशी पाहते तर दहाही लेख पूर्वीसारखे. बदलांच्या नोंदीत लिहिलं होतं: मच्छिंद्र, काल दुपारी ४.१०.

मी ती ओळ तीनदा वाचली.

त्या दिवशी पुन्हा ते दहा लेख नीट केले आणि घड्याळाकडे पाहत बसले. चार वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या, मच्छिंद्रच्या खोलीतून घरघर सुरू झाली. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "लागला बघ कामाला."

भिंगारच्या आमच्या घरात त्याचा कॉम्प्युटर तो गेल्यापासून कोणी बंद केलेला नाही. तो इन्व्हर्टरवर आहे. इन्व्हर्टर उतरला तरी वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं, 'टूं' असा एक आवाज येतो, आणि आई हातातलं काम न थांबवता म्हणते, "आला." पडद्यावर कुलूप असल्यामुळे आत काय चाललंय ते दिसत नाही. फक्त चार दहाला आतला पंखा जोरात फिरतो. त्या वेळी आई तिथे चहाचा कप ठेवते आणि तासाभराने तो कढीपत्त्याच्या मुळाशी ओतते. मी हे रोज पाहत होते. वेळेची सांगड मात्र कधी घातली नव्हती.

उलगडा त्याच्याच एका जुन्या लेखात सापडला. 'ब्लॉगवाले कोडची मांडणी सारखी बिघडवतात,' त्याने लिहिलं होतं. 'म्हणून एक छोटा प्रोग्रॅम केलाय. रोज चार दहाला, मी क्लासवरून येऊन चहा पीत असताना, तो सगळे लेख पुन्हा होते तसे लावतो. तात्पुरता जुगाड आहे. पुढे बघू.'

कारण कळलं की भीती जाते, असं मी वर्गात सांगते. माझी गेली नाही. मी नीट करायचे आणि तो मोडायचा, आणि मोडताना त्याला वाटत असणार की आपण नीटच करतोय. असणार, असं मी आता त्याच्याबद्दल, तो असल्यासारखं, म्हणू लागले होते, हेही मला दिसत होतं.

नवा ब्लॉग काढून सरांना त्याचा पत्ता देता आला असता. पण मराठीत पायथॉन शोधलं की हाच ब्लॉग वर येतो. उद्या दुसऱ्या गावची दुसरी मुलगी याच एररपाशी बसेल.

मग एका रविवारी आई बाहेर असताना मी त्याच्या खोलीत गेले आणि इंटरनेटची वायर काढून खिशात घातली. चार दहाला पंखा नेहमीसारखा फिरला. आई आली होती. तिने कप नेला. ब्लॉग पाहिला, माझे लेख जागेवर होते. प्रश्न सुटला होता आणि कोणालाही काही कळलं नव्हतं.

आई दारात उभी राहून मशीनकडे पाहत होती. "ज्ञाना, अजून किती पोरं शिकत्यात गं ह्याच्याकडनं?"

मी म्हणाले, "बरीच."

"मग बरं. एवढा राबतोय, कुनाच्या तरी उपेगी पडू दे."

खिशातल्या वायरचं टोक माझ्या बोटाला टोचत होतं. प्रयोगशाळेत कशालाच न जोडलेल्या मीटरचा काटा हलताना दिसला, तर मी मुलांना त्याचं रीडिंग लिहू देत नाही. इथे मी आईला रोज ते रीडिंग लिहू देणार होते. ती झोपायला गेल्यावर मी वायर परत जोडली. दुसऱ्या दिवशी चार दहाला माझे लेख पुन्हा मोडले गेले.

तिला सांगायचं असं मी त्या दिवशी ठरवलं. मग सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी तिचे गुडघे दुखत होते. दरम्यान मी एकशे त्र्याऐंशी लेख माझ्या लॅपटॉपवर दुरुस्त करून ठेवले. तेवढंच मला जमत होतं.

वीस तारखेला दुपारी तीनला सरांचा फोन आला. "मॅडम, अर्ज माझ्या टेबलावर हाय आन पोरगी दाराबाहेर उभी. काय सांगू तिला?"

"तिला म्हणावं, चूक तिची नव्हती. कोडमध्ये होती. साडेचारला पुन्हा उचलून चालवून बघ म्हणावं."

"साडेचारच का? मुहूर्त हाय का काय?"

"साडेचारलाच," मी म्हणाले.

अकरावीला लागणारे लेख मी चारला पाच कमी असताना चढवले. संस्कृती अडली होती तो कोड स्वतः ब्लॉगवरून उचलून चालवला. चालला. मग मच्छिंद्रच्या खोलीत गेले. खोली बाकी घरापेक्षा उबदार होती. मशीनच्या जाळीवर धुळीची करडी साय आली होती आणि हिरवा दिवा लागलेला होता. टेबलावर चहाच्या कपांची वर्तुळं एकावर एक पडून एकच जाड वर्तुळ झालं होतं. मी बटणावर बोट ठेवलं. दाबलं असतं तर आई म्हणाली असती, वीज गेली वाटतं. आणि 'टूं' वाजायची वाट पाहत बसली असती, आज, उद्या, परवा.

बोट काढलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

स्वयंपाकघरात पाण्याला उकळी येत होती. ओट्यावर तीन कप मांडलेले होते. आई पाठमोरी उभी राहून आलं किसत होती.

"जरा जास्तच टाकते," ती म्हणाली. "त्याला आवडतं."

मी तिसरा कप उचलून फळीवर ठेवला. तिने वळून पाहिलं.

"आई," मी म्हणाले, "मच्छिंद्रचं मशीन मी आता बंद करतेय. पुन्हा लावणार नाही. तू माझ्याबरोबर चल."