गेन्नोसुकेंचा टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. भाताचा नव्हे हो, केसांचा! आतून तांब्याचा पत्रा, वरून खऱ्या केसांचा सामुराई बुचडा. आता फार दमलोय, तेव्हा सावकाश सांगतो.

माझा जन्म क्योतोचा. हानिउ गेन्नोसुके नावाच्या तरुण नटाच्या डोक्यावर बसवून बघत, काढून ठोकत, पुन्हा बसवत कारागिराने मला घडवलं. आमच्याकडे टोप असाच होतो. दुसऱ्या कुणाला तो बसत नाही.

मग सिनेमे आले, नाटकं आली. थंडीत नदीत पडलो, खोट्या पावसात भिजलो. माझे केस विंचरायला कुमेबाई होत्या. हात मऊ, तोंड तिखट. "आज पुन्हा चिखलात लोळलात? केस काय फुकट उगवतात?" गेन्नोसुके नुसते हसायचे. ओसाकाच्या नाट्यगृहात प्रेक्षक कौतुकाने त्यांच्या नावाची आरोळी ठोकत, तेव्हा मीही फुलून जायचो.

पुढे तलवारींचे सिनेमे आटले. गेन्नोसुके टीव्हीवर साध्या कपड्यांत आजोबांची कामं करू लागले आणि मी पेटीत गेलो. वर्षानुवर्षं कुणी झाकण उघडलं नाही. कसर लागली, काय सांगू!

गेल्या वसंतात पेटी उघडली. ओसाकात नाटक, म्हाताऱ्या सरदाराचं मोठं काम. तालमीत गेन्नोसुके नाटकातल्या धन्यापुढे लवले आणि मी घसरून थेट चटईवर!

"सैल पडलाय मेला," ते हसून म्हणाले.

"नवा करून घ्या की, गेनसान," दिग्दर्शक म्हणाला. गेन्नोसुकेंना सगळे असंच म्हणत.

"छे! यालाच ठोकून घेतो."

मला भारी राग आला. जन्मभर सेवा केली, आणि आळ माझ्यावर?

मागच्या खोलीत कुमेबाईंनी मला पुन्हा गेन्नोसुकेंच्या डोक्यावर ठेवून पाहिलं. कानापाशी बाईंची दोन बोटं सहज आत गेली.

"तांबं कुठं सैल पडतं, गेनसान? डॉक्टरकडे गेला होतात?"

"गेलो होतो."

"मग?"

"कुमे, हे नाटक होऊ दे गं. नाटकवाल्यांना कळलं तर काम जाईल माझं. दोष टोपाचाच राहू दे."

बाईंनी डोळे पुसले आणि हातोडी उचलली. जुनं तांबं, घाव सोसवत नव्हता. पण माझा राग केव्हाच गेला होता. नाटक महिनाभर चाललं. बाईंनी मला आणखी ठोकलं, मग आणखी. शेवटच्या प्रयोगाला ते लवले, मी हललो नाही. आरोळ्यांनी नाट्यगृह दणाणलं. त्यानंतर ते परत आले नाहीत.

आता मी कुमेबाईंच्या फळीवर असतो. बाई अजून तेल लावतात, कशाला ते विचारू नका.

मित्रांनो, घरातल्या कुणाचा सदरा ढगळ झाला, बोटातून अंगठी निसटली, तर सदऱ्याला नि अंगठीला बोल लावू नका. त्या माणसाचा हात धरून विचारा, बाबा, बरा आहेस ना? त्या दिवशी तालमीला इतकी माणसं होती, पण सगळी माझ्याकडेच बघत होती.