हौदातली माळ

नाथाजीची म्हैस आटली आणि त्याच सकाळी सामाईक हौदात काळ्या मण्यांची माळ सापडली. झालं! भावकीला एवढं पुरे. लांबलचक, बुळबुळीत, दुपदरी माळ, शेवाळाला गुंडाळलेली. फोटो भावकीच्या ग्रुपवर गेला आणि चहा उकळायच्या आत निकाल लागला, करणी! केली कुणी? हौदाला लागून घर विधवा अंजनाचं, म्हणजे तिनंच.

नाथाजी तिचा धाकटा दीर. भाऊ गेल्यापासून हौद भरणाऱ्या सामाईक विहिरीतला तिचा वाटा त्याच्या डोळ्यांत सलत होता. भावकीतले वडीलधारे आकाराम तात्या, जुने सुभेदार, त्यांना त्यानं हौदापाशी बोलावून आणलं.

"तात्या, हिचं पाणी तोडा. ही बाई विहिरीवर नको."

पाणी तुटलं की अंजनाचा ऊस उभा वाळणार, आणि जमीन दिराच्या घशात घालून तिला विट्याला माहेरी जावं लागणार. बाई रडेल, पाया पडेल, असं सगळ्यांना वाटलं. ती पदर खोचून पुढं आली.

"आवं तात्या, बेडकाची अंडी हायती ही. पहाटं म्या जोडी बगितली हौदात. आंगभर चामखिळी, डोळ्यावर काळी कडा, डोळ्यामागं फुगीर गाठी. दुसऱ्या बेडकांची अंडी पुंजक्यानं असत्यात. ह्या खरबरीत बेडकाची माळ आसती."

"भगताला बोलवा," नाथाजी म्हणाला. "लिंबू टोचून तीन वाटांच्या तिकाटण्यावर पुरू."

अंजनानं लोणच्याची रिकामी बरणी आणली आणि माळ सरळ हातानं उचलून पाण्यासकट आत सोडली. मिशीवाले गडी चार पावलं मागं सरले. बरणी तिनं रस्त्याकडच्या ओट्यावर ठेवली.

"हितंच ऱ्हाईल. काय निघायचं ते समद्यांसमोर निघंल. तवर माज्या पाण्याला कुणी हात लावायचा न्हाई. आन् भावजी, तुमी भगत आणलासा तर मी पोलीस आणीन. कायदा हाय तसा."

तात्यांनी मान डोलावली.

दोन दिवसांत मण्यांना शेपट्या फुटल्या. "किडं! करणीचं किडं!" नाथाजीनं बोंब ठोकली.

"दम धरा," अंजना म्हणाली. ती पाणी बदलायची, उकडलेला पालक घालायची. बाया आधी तिरक्या नजरेनं बघत जायच्या, मग थांबायला लागल्या. मागचे पाय फुटले, मग पुढचे, शेपट्या झिजल्या. आत ठेवलेल्या दगडावर मुगाएवढी पिल्लं चढून बसली, तेव्हा तात्यांनी चष्मा लावून एक तळहातावर घेतलं.

"बेडूकच की रं नाथा!"

नाथाजी ओशाळला. "झालं गेलं, गंगेला मिळालं, वयनी."

"आसं कसं मिळंल? हात फुडं करा. तुमच्याच उसात सोडा, किडं खाऊन जगतील."

तो घुटमळला. तात्यांनी डोळे वटारले, तशी त्यानं डोळे मिटून ओंजळ केली. तिनं पिल्लं ओतली. भावकी बघत असताना त्यानं ती आपल्या उसाच्या सरीत सोडली.

अंजना बांधावर उभी होती. "भावजी, आता हात तुमचा, रान तुमचं. उद्या म्हस आटली तर नाव कुणाचं घ्यायचं, ते हितंच समद्यांसमोर सांगा."

नाथाजी खाली मान घालून हात धोतराला पुसत राहिला. अंजना हलली नाही. उत्तर घेतल्याशिवाय ती जाणार नव्हती.