खिळ्यावरचा परवाना

"मामा, तुम्ही नुसतं बसा. बोट मी नेतो," जावई म्हणाला.

म्हातारा बसलेलाच होता. पैसे घेऊन माणसं न्यायची तर सुकाणूवर परवानेवाला हवा, असा कायदा. जावई परीक्षेत नापास. म्हणून परवाना सासऱ्याचा, सुकाणू जावयाचं. तपासनीस दिसला की दोघं जागा बदलायचे. तपासनीसालाही हे ठाऊक होतं. कायदा काचेत घालून खिळ्याला टांगला की सगळ्यांनाच शांत झोप लागते.

आज एका कंपनीची सहल पोराबाळांसकट चढली होती. किती माणसं न्यायची तो आकडा बोटीच्या अंगावर रंगवलेला. त्यावर जावयाने जुना टायर लटकवला होता. लाइफ जॅकेटं मोठ्यांनाच पुरली नाहीत.

"फार झाली माणसं," म्हातारा म्हणाला.

"पोरं मोजणीत धरायची नसतात, मामा."

"का? पोरं बुडत नाहीत?"

एकजण हसला. "आजोबा, घाबरू नका, मला पोहता येतं."

"तुझ्या मांडीवरच्या पोरीला येतं का?"

त्याने मोबाइलवरच्या गाण्याचा आवाज वाढवला.

"जॅकेटं आहेत तेवढीच माणसं ठेव," म्हातारा जावयाला म्हणाला.

"माझ्या घरात जेवताना बरा कायदा आठवत नाही तुम्हाला!"

चारचौघांत कुणी असा घास मोजला की माणूस खाली बघतो. म्हाताऱ्याने वर बघितलं. खिळ्यावरून काचेतला परवाना काढला आणि गुडघे धरत धक्क्यावर उतरला.

"आता ने."

बोट हलणार नाही असं त्याला वाटलं होतं. इंजिन सुरू झालं. टायर पाण्याला टेकवत बोट गेली.

तो धक्क्यावरच्या चौकीत गेला आणि बोट जादा माणसं घेऊन गेल्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, "बोटीच्या कागदांवर चालक म्हणून नाव तुमचं. गुन्हा तुमच्यावरच लिहू का? येतील हो परत."

तिकीट फाडणारी लेक धावत आली. "बाबा, घरी चला."

"माणसं येऊ देत."

ऊन उतरल्यावर बोट आली. काहीच झालं नव्हतं. म्हाताऱ्याने हात पुढे करून त्या पोरीला उतरवून घेतलं.

"बघितलंत? बुडलं का कुणी?" जावयाने हात पसरला. "आणा तो परवाना. पुढची खेप उभी आहे."

म्हातारा लेकीकडे वळला. "माझे दोन कपडे इथेच आणून देशील?"

लेक जागची हलली नाही. परवान्याच्या काचेवर खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडाले होते. आतल्या जुन्या फोटोतल्या काळ्या मिशांच्या माणसाचं तोंड म्हाताऱ्याने सदऱ्याच्या बाहीने नीट पुसलं.