यारीवरचे नारोपंत

“या वखारीत आजपासून मरणाला प्रवेश बंद!” नारोपंतांनी घोषणा केली आणि ज्या ओंडक्यावर उभं राहून केली तो घरंगळल्यामुळे ते लगेच भुशात बसले.

जव्हार-मोखाडा रस्त्यावरच्या त्या लाकूड-वखारीचे ते व्यवस्थापक. ठेकेदार मुद्दाम पाहायला आले होते, म्हणून सकाळपासून गड्यांना सुरक्षिततेचे धडे चालले होते. शिमग्याच्या सुमारास यारीवरचा, म्हणजे ओंडके उचलायच्या रहाटावरचा, ओंडका कोसळून मंगळू हा गडी गेला. तो दारू प्यायला होता, असं नारोपंतांनी जाहीर केलं. मंगळू प्यायचा, पण कामावर कधी नाही. त्याच्या बायकोला, सोमीला, हे कोणी विचारलंच नाही.

“यारी किती भरवशाची असते, ते मी स्वतः दाखवतो,” म्हणत नारोपंत साखळीला बांधलेल्या फळीवर बसले. यारीची मूठ फिरवायला सोमीचा भाऊ ढवळू होता. नारोपंत दोन पुरुष उंच गेले. धोतर फडफडू लागलं.

“बस! लाव खिट्टी.”

खिट्टी म्हणजे चाकाच्या दात्यांत अडकणारा लोखंडी अडसर. तो असला की भार सुटत नाही.

“नाय, साहेब.”

“नाय काय? नवी कोरी बसवलीय!”

“ती म्यां सकाळीच काढली. सोमीच्या वटीत हाय. पन नवी कशाला बसवली? जुनी तं धड व्हती ना? मंगळ्याच प्याला व्हता. तुमीच बोलले.”

नारोपंतांनी खाली पाहिलं. पाहायला नको होतं.

“ढवळू, बाबा, मूठ सोडू नको रे!”

“सोडीन कशाला? पन हात हायेत, साहेब. दमतात.”

“जुनी... मोडकी होती.”

“मोठ्यानं.”

“जुनी खिट्टी मोडकी होती! मला माहीत होतं!”

यारीवरून हाक आली की राशींपलीकडच्या गाडीवानांना कळावी म्हणून खालच्यांनी ती पुढे द्यायची, ही वखारीची रीत. गड्यांनी सवयीनं दिली, “मोडकी व्हतीऽऽ! मला माहीत व्हतंऽऽ!”

“आन मंगळ्या?”

“शुद्धीत होता!”

“शुद्धीत व्हताऽऽ!”

गाडीवानांनी ती रस्त्यावर दिली, रस्त्यावरच्यांनी साखरशेत गावाच्या वाटेला लावली. ठेकेदारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

गड्यांमागे उभी असलेली सोमी हाक विरेपर्यंत ऐकत राहिली. मग ओटीतली खिट्टी काढून ती लावायला पुढे आली.

“ती ऱ्हाऊ दे गं जरा,” ढवळू म्हणाला. “आधी नाकावरची माशी हाकल. हात गुंतलेत.”