साठाव्या खोलीचं दार

मार्चचा अंक दाराच्या फटीतून आत पडला तेव्हा बेरिल ऑकरॉइडचे हात पिठानं माखलेले होते. ते न धुताच तिनं मधली पानं उघडली. तिथं भलत्याच कुणाचा तरी नकाशा होता.

तीन महिने खपून तिनं ‘बिशपचा कंदील’ या गेमच्या शहाण्णव खोल्यांचा नकाशा काढला होता. तोही विणकामाच्या चौकटीच्या कागदावर, एका चौकटीला एक दगड असा. वाचकांकडून आलेला सर्वांत चांगला नकाशा ‘मायक्रो परेड’ हे कॉम्प्युटर गेमचं मासिक दर महिन्याला मधल्या दोन पानांवर नावासकट छापायचं, आणि बेरिलला ती दोन पानं हवी होती. सत्तावीस वर्षं तिनं हॅलिफॅक्सच्या गालिच्यांच्या गिरणीत नक्षी विणली होती. गालिच्यावर विणणारणीचं नाव कोण घालतो?

नाव छापलं होतं, पण पत्रांच्या पानावर. मासिकाचा परीक्षक डंकन प्राइस यानं ठसक्यात लिहिलं होतं: ‘हा गेम पुरा होऊच शकत नाही, हे आम्ही डिसेंबरातच सांगितलं आहे. साठाव्या खोलीत दार नाही, भिंत आहे. ऑकरॉइडबाईंनी ते दार बहुधा विणलं असावं.’

आठवडाभरात ते वाक्य गल्लीभर झालं. क्लबात तर आर्नल्डला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, दार कुठल्या लोकरीचं होतं म्हणून विचारून भंडावून सोडलं. आर्नल्डलाही बोलायला तोंड नव्हतं. पुरावा म्हणून टीव्हीवर दिसणाऱ्या त्या दाराचा फोटो त्यानंच काढला होता, तोही फ्लॅश लावून, आणि फोटोत काचेवर नुसता पांढरा गोळा आला होता.

“जाऊ दे ना, बेरिल,” तो म्हणाला. “खेळच तो. चार दिवसांनी विसरतील सगळे.”

“मला खोटारडी म्हटलंय त्यांनी,” बेरिल म्हणाली. “तेही छापून.”

गुरुवारी सकाळी बाजाराच्या पिशवीत आपला टेपरेकॉर्डर, दुकानातून विकत घेतलेली गेमची टेप आणि विणकाम टाकून तिनं बस पकडली. मासिकाची कचेरी स्टॉकपोर्टला, एका लोखंडी सामानाच्या दुकानाच्या माळ्यावर होती. टेबलांवर टेपांचे ढीग, त्यांत गार झालेल्या चहाचे कप. असल्या उकिरड्यात बसून हे लोक जगाला गुण वाटतात, हे पाहून बेरिलची भीती निम्मी पळाली.

संपादक रोलंड टेटली उठून उभा राहिला. “काय काम काढलंत, बाई?”

“दार दाखवायला आलेय.”

कोपऱ्यातल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाचे कान लाल झाले. तोच डंकन. आमची मशीन आहे, टेप आहे, उगाच ओझं कशाला आणलंत, असं तो पुटपुटला. बेरिलनं तिकडे लक्षच दिलं नाही. तिची टेप फक्त तिच्याच टेपरेकॉर्डरवर नीट चालायची. तिनं तो कॉम्प्युटरला जोडला, आणि टेपची ती ओळखीची किंचाळी सुरू झाली. टेपवरचा गेम आत उतरायला पाच मिनिटं लागायची. चौथ्या मिनिटाला पडदा कोरा झाला. डंकन हसला. बेरिलनं पिशवीतून बोटभर स्क्रूड्रायव्हर काढला, टेप नीट वाचली जावी म्हणून टेपरेकॉर्डरचा एक स्क्रू जरासा फिरवला आणि टेप पुन्हा लावली. या वेळी गेम सुरू झाला.

ती खेळताना मोजायची. वटवाघळं कधी खाली येतात, कधी वर जातात, हे तिनं टाक्यांवर बसवलं होतं. दोन सुलट, एक उलट, उडी. दोन सुलट, एक उलट, उडी. विसाव्या खोलीपर्यंत टंकलेखिका मागे येऊन उभी राहिली, चाळिसाव्यापर्यंत अख्खी कचेरी. साठाव्या खोलीत बेरिल पोचली तेव्हा पाचांपैकी एकच जीव उरला होता. आणि समोर, डाव्या भिंतीत, पिवळं दार होतं.

“इथं भिंत होती,” डंकन म्हणाला. “आईशप्पथ, भिंतच होती.”

त्यानं धावत जाऊन आपली टेप आणली. तिच्यावर कंपनीचा छापील कागद नव्हता, पेन्सिलीनं नाव खरडलेलं होतं. संपादकानं ती उलटीसुलटी करून पाहिली. डिसेंबरचा अंक ऑक्टोबरात तयार होतो. गेम अर्धवट असताना कंपनीनं पाठवलेली ती टेप होती.

“दुकानातली टेप कधी लावून बघितलीस, डंकन?”

डंकननं मान खाली घातली.

“झालं, बाई,” संपादक म्हणाला. “जिंकलात तुम्ही. राहू द्या आता.”

“गेम पुरा होत नाही, असंही लिहिलंय त्यानं,” बेरिल पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. “कंदील राहिलाय.”

एक जीव आणि छत्तीस खोल्या. अठ्ठ्याऐंशीव्या खोलीत वटवाघूळ इतकं जवळून गेलं की टंकलेखिकेनं डोळे मिटले. बेरिलचं मोजणं चुकलं नाही. शहाण्णवाव्या खोलीत तिनं शेवटची उडी मारली, कंदील पेटला, सगळा किल्ला सोन्यासारखा उजळला, आणि त्या माळ्यावर असा गलका उठला की खालचा दुकानदार काय झालं ते बघायला जिना चढून आला. इतका आनंद कधी झाला होता ते बेरिलला आठवेना.

डंकन पुढे आला. “चुकलो, बाई. काय लिहू सांगा.”

“फार नको. त्याच पानावर, त्याच चौकटीत. दार आहे, एवढंच.”

मेच्या अंकात मधल्या दोन्ही पानांवर नकाशा आला, खाली ठळक अक्षरात ‘बेरिल ऑकरॉइड, हॅलिफॅक्स’. आर्नल्डनं अंकाच्या पिना उपसून ती पानं क्लबच्या भिंतीवर लावली आणि रविवारी दुपारभर त्यांच्याखाली छाती काढून बसला. पत्रांच्या पानावर चौकट होती: ‘साठाव्या खोलीत दार आहे. – डंकन प्राइस.’

जूनच्या अंकापासून डंकनच्या सदरावरचा फोटो बदलला. ऐन उन्हाळ्यात त्याच्या अंगात राखाडी स्वेटर होता, छातीवर दगडी भिंत, एका चौकटीला एक दगड. डाव्या बाजूला पिवळं दार होतं, आणि ते मात्र बेरिलनं खरंच विणलं होतं.