डबड्यांची पूजा

आमच्या कॉलेजातल्या जाहेदा मॅडमनी दोन वर्षं खपून बारा यंत्रं बनवली. मी प्रयोगशाळेतला मदतनीस, म्हणजे स्क्रू पिळायचं काम माझं. वाळत घातलेली हळद ही यंत्रं आपली आपण वरखाली करतात. त्यांच्यात मुकादम कोणी नाही. प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बघायचं आणि जिथं कोणी नाही तिकडं सरकायचं, एवढाच नियम. माझी आई नर्मदाबाई त्यांना डबडी म्हणते.

यंत्रांची परीक्षा वसमतजवळ आमच्याच खळ्यावर होती. संशोधनाला पैसे देणाऱ्या समितीचे साहेब पुण्याहून आले होते. त्यांना काम पटलं नाही तर संशोधन बंद, असं पत्रच आलं होतं. मॅडमनी सकाळपासून चहाला हात लावला नव्हता.

बटण दाबलं, आणि बारातली सात जागच्या जागी गरगर फिरायला लागली.

मॅडमचा चेहरा उतरला. मी धावत जाऊन एक उचललं, तर कॅमेऱ्याच्या भिंगावर हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट. हळदीच्या धुळीची सोय मॅडमनी केली होती. ओल्या कुंकवाची त्यांना कशी सुचणार?

"माय, हे काय करून ठेवलंस?"

"नवी अवजारं हायत. बिनपूजेची कामाला लावतेत का?" आई म्हणाली. "कपाळासारखं तेवढंच दिसलं, तिथं लावलं."

मला असा राग आला की बोलायची सोय नाही. भिंग पुसायला निघालो तर मॅडम म्हणाल्या, "भागवत, थांबा. हात लावू नका."

उरलेली पाच जरा घुटमळली. मग पांगली, आणि आंधळ्या शेजाऱ्यांना वळसा घालून त्यांच्याही वाट्याची हळद परतू लागली. दोन तासांच्या कामाला साडेचार तास लागले, पण खळ्याचा एकही कोपरा सुटला नाही.

साहेबांनी विचारलं, "सात बंद पडली तरी भागतं, हे आधी तपासलं होतं?"

"दोनपर्यंतच," मॅडम खरं ते बोलल्या. "त्यापुढं मला धीर झाला नाही."

"चालू ठेवा संशोधन," साहेब म्हणाले. मॅडमनी डोळे पुसले आणि सकाळचा गार चहा एका घोटात संपवला. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

आई तेवढी हिरमुसली होती. "कुकू संपलं म्हणून पाचाला लावायचं राहिलं," ती मॅडमना म्हणाली, "अन् तीच बिचारी राबून राहिली."

मॅडमनी त्यातलं एक उचलून तिच्यापुढं धरलं.

"आता लावा, मावशी. पण पाठीवर."